झेंडूचा हार आणि गंजलेली चेन

काल सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकली मोजल्या. एकवीस भरल्या. त्यातल्या सतरा जिन्याखाली, बसलेल्या टायरवर, एकमेकींच्या हँडलात हँडल अडकवून उभ्या. एकीच्या हँडलला मागच्या खंडेनवमीच्या हाराचा दोरा अजून लटकतोय. फुलं गळून गेली, दोरा तेवढा राहिला.

तो दोरा बघूनच हे लिहायला बसले. लांबणार आहे, आधीच सांगते.

मी कर्वेनगरहून शिवाजीनगरला रोज सायकलने जाते. एका बाजूने सात किलोमीटर, यंदा अकरावं वर्ष. ऑफिसात दर जूनमध्ये कुणीतरी विचारतंच, "मॅडम, पावसात कशा हो जाता?" पावसाचं फार काही नसतं. भिजलं की कपडे बदलायचे. सायकलची खरी परीक्षा पाऊस संपल्यावर असते, आणि हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. पुणेकराची सायकल सुटते ती ट्रॅफिकमुळे, चढामुळे, गुडघ्यामुळे, असं आपण म्हणतो. माझं मत वेगळं आहे. बऱ्याच सायकली गणपती ते दिवाळी एवढ्या काळात सुटतात, आणि त्यांना मारते ती चेन. माणूस हळूहळू जड पॅडल मारायला लागतो, "वय झालं आता" म्हणतो आणि गाडीला किक मारतो. वय सायकलच्या चेनचं झालेलं असतं.

होतं काय, तर चार महिने रस्त्यावरचा राडा, मेट्रोच्या आणि इमारतींच्या कामाची सिमेंटमिश्रित माती, डांबराची कच, सगळं चेनवरच्या तेलाला चिकटतं. पावसाळ्यात दाट तेल लागतंच, नाहीतर पाण्याने धुऊन जातं. पण परतीचा पाऊस सरला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की तोच राडा सुकून धूळ होतो आणि त्या चिकट तेलावर बसतो. तेल आणि कच एकत्र आले की ते वंगण राहत नाही, पॉलिश पेपर होतो. चेनच्या पिना आतून झिजतात, चेन लांबते, लांबलेली चेन मागच्या चक्रांचे दात खाते. म्हणजे साफसफाईचा मुहूर्त ना जूनचा, ना एक जानेवारीच्या संकल्पाचा. तो आश्विनातलाच.

आणि आपल्याकडे तो आयता कॅलेंडरवर छापलेला आहे. आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमी. खंडा म्हणजे तलवार. ज्यांच्याकडे तलवार नाही त्यांनी आपापली हत्यारं पुजायची, सुताराने पटाशी, शिंप्याने मशीन. माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. कसब्यातून खडकीपर्यंत हर्क्युलसवर जायचे. त्यांच्या लेखी हत्यार एकच, सायकल. पण हाराचा नंबर शेवटी. आधी ओव्हरऑइलिंग. (मूळ शब्द ओव्हरहॉलिंग आहे म्हणे. मी तरी तो कुठल्याही सायकलवाल्याच्या तोंडून ऐकलेला नाही.)

सकाळी सहाला वाड्याच्या चौकात सायकल उलटी व्हायची. चाकं बाहेर, एक्सल बाहेर, छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, रॉकेलच्या बशीत. छर्रे मोजायचं काम माझं. पुढच्या चाकात एका बाजूला दहा बारीक, मागच्यात एका बाजूला नऊ जाड. एक कमी भरला की बाबा काही बोलायचे नाहीत, नुसते माझ्याकडे बघायचे, आणि मी फरशीच्या फटी हुडकायला लागायचे. पुढच्या चाकाला 32 तारा आणि मागच्याला 40 हेही मला शाळेच्या आधी तिथेच कळलं. वजन मागे असतं म्हणून. मग ग्रीस, मग छर्रे एकेक करून पुन्हा जागेवर, कोन (एक्सलवरचा शंकूसारखा नट) इतपत आवळायचा की चाक डुगडुगता कामा नये आणि अडकताही कामा नये. नऊ वाजता आई हळदीकुंकू घेऊन यायची. तोवर सायकल हातातल्या भांड्यासारखी लखलखीत.

आता मी एवढं सगळं करत नाही. माझ्या सायकलला मागे सात गिअर आहेत, हब, म्हणजे चाकाचा मधला छर्ऱ्यांचा भाग, दोन वर्षांतून एकदा उघडते. पण नवमीला चेन निघतेच. रॉकेल मिळेनासं झालं, म्हणून रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणते. श्रीखंडाच्या जुन्या डब्यात चेन टाकायची, झाकण लावून खळखळ हलवायची. पहिलं पाणी नदीपात्रातल्या रस्त्यावर पूर ओसरल्यावर राहतं तसं, काळंकुट्ट. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग साबणाचं पाणी, मग ऊन. पूर्ण सुकू द्यायची. नंतर प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी वरचं सगळं फडक्याने पुसून काढायचं. अगदी कोरडं वाटेपर्यंत. लोक इथेच चुकतात. तेल आत पिनेला हवं असतं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. आता पातळ तेल घ्यायचं. शिवणयंत्राचं चालतं, फक्त पुन्हा पुन्हा घालावं लागतं. खोबरेल कृपा करून नको. आमच्या वॉचमनमामांनी घातलं होतं, डिसेंबरात गोठून चेनची चिक्की झाली.

चेन बाहेर आहेच तर मोजूनही घ्या. शाळेतली बारा इंची पट्टी पुरते. प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे चोवीस कड्या बरोबर बारा इंच. चेन ताणून धरा, पहिल्या पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि बाराशी बघा. अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेली असेल तर चेन बदला. एक सूत गेली असेल तर मागची चक्रंही बदलावी लागतील, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन घसरते, तीही नेमकी सिग्नल सुटल्यावर उभं राहून जोर लावता तेव्हा. अर्ध्या सुतावर जागं झालं की खर्च निम्म्याहून कमी.

गिअर नीट पडत नसतील तर दुकानात पळू नका. बहुतेक वेळा तार कव्हरच्या आत गंजलेली असते. नवी तार शंभराच्या आत येते. तार ठीक असूनही चेन मोठ्या चक्रावर चढायला कां-कूं करत असेल, तर मागच्या गिअरपाशी तार जिथे शिरते तिथली छोटी गोल मुठली घड्याळाच्या उलट दिशेला अर्धा फेरा फिरवा. बघा. पुन्हा अर्धा. एवढंच.

मागच्या वर्षी मीही आळस केला हो. नवमीला घरी पाहुणे होते, म्हणून एका चकचकीत दुकानात सर्व्हिसिंगला दिली. आठशे रुपये. त्यांनी प्रेशरच्या पाण्याने धुतली, वर चमक मारली. काय दिसत होती! तिसऱ्या दिवशी मागच्या चाकातून गरगर आवाज. घरी येऊन हब उघडला तर ग्रीसचा दुधाळ चहा झालेला. परत गेले तर तिथला मुलगा म्हणतो, "मॅडम, एवढी जुनी कशाला वापरता, नवीन घ्या ना, ईएमआय आहे." मी काही बोलले नाही, नुसती बघितलं त्याच्याकडे. बाबांचं बघणं मला जमत नाही पण.

जुनी म्हणे. सहवास सोसायटीत विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, तिथे बीएसएची युद्धकाळातली घडीची पॅराट्रूपर सायकल बघून या. लोखंड तेच, कुणीतरी वेळच्या वेळी उघडून पुसलं एवढाच फरक. उलट 2017-18 मध्ये शहरात ॲपवरच्या सायकली आल्या होत्या, आठवतं? कोऱ्या करकरीत. त्या कुठे गेल्या विचाराल तर चोऱ्यामाऱ्या, तोडफोड अशी बरीच कारणं निघतील. मी शेवटी शेवटी ज्या घेतल्या त्यांना ब्रेक नव्हता, हे माझं कारण.

सायकल ट्रॅकवर मी बोलणार नाही. तिथे दुचाक्या लावतात, विषय संपला.

या दिवसांतल्या रस्त्याचं मात्र सांगते. मांडव निघाले की खिळे मागे राहतात, त्यामुळे पंक्चर याच महिन्यात जास्त. मी तरी टायरवरून बोट फिरवल्याशिवाय निघत नाही. ब्रेकच्या रबरात कच रुतून बसते, ती सुईने काढा, नाहीतर रिम खरवडते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाजाराच्या रस्त्यांवर झेंडूचा चिखल असतो, त्यावर पुढचा ब्रेक दाबलात तर थेट आडवे. आणि दिवा. जूनअखेरीस सव्वासातपर्यंत उजेड असतो, नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य सहाच्या आतच मावळतो. साडेसहाला ऑफिसातून निघणारी बाई एका महिन्यात दिवसातून रात्रीत जाते आणि तिच्या ते लक्षातही येत नाही. मागचा लाल दिवा आजच चार्ज करा.

लॉ कॉलेज रस्त्यावर आता बुचाची फुलं पडायला लागतील. चेन बोलत नसली की त्यांचा वास जास्त येतो, हे मी शास्त्रीय म्हणून सांगत नाहीये.

असो. खंडेनवमीला सकाळी सात ते नऊ मी आमच्या पार्किंगमध्ये बसणार आहे. सतरापैकी जेवढ्या जिन्याखालून बाहेर येतील तेवढ्या आणा. टर्पेंटाइन माझं. टूथब्रश आणि फडकं आपापलं आणावं, माझं मिळणार नाही. चहा एकदाच होईल. हार नऊनंतर.