डेस्कटॉप ब्राउझरात, पण नेटाविना

जुलै संपत आला की उदगीरच्या कुठल्याही मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात डोकावून बघा. पीकविम्याची मुदत तोंडावर आलेली, बाकड्यावर आठ-दहा जण सातबारा आणि पासबुकाची झेरॉक्स घेऊन बसलेले, आणि स्क्रीनवर ते चाक. "निस्तं गोल गोल फिरायलंय की रे," असं कुणीतरी म्हणतंच. त्यातलंच एक दुकान माझं.

मागच्या दिवाळीत दोन जुन्या मशीनवर मी विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि नेहमीचा डेस्कटॉप काढूनच टाकला. मशीन चालू केलं की क्रोमियम हा ब्राउझर किऑस्क मोडमध्ये, म्हणजे पत्त्याची पट्टी आणि बटणं लपवून, उघडतो आणि स्क्रीनभर मी लिहिलेलं एकच पान दिसतं: स्कॅन, प्रिंट, फोटो, अर्ज. टास्कबार नाही, रिसायकल बिन नाही. हे ऐकलं की पहिला प्रश्न ठरलेला. "म्हणजे सगळं ऑनलाइन? मग नेट गेल्यावर?"

ब्राउझर आणि इंटरनेट आपण एकच धरून बसलोय. गुगलनं २००९ साली क्रोम ओएस ही ब्राउझरभोवती बांधलेली ऑपरेटिंग सिस्टीम जाहीर केली, २०११ मध्ये तिच्यावर चालणारे क्रोमबुक लॅपटॉप बाजारात आले, तेव्हा सगळा थाटच तो होता, की काम ब्राउझरात आणि फायली दूर कुठल्यातरी सर्व्हरवर. जिथं नेट नळासारखं येतं तिथं ठीक आहे. आमच्याकडे नळाचाच भरवसा नाही.

पण दुसरं उदाहरण आपल्याच खिशात होतं. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाच्या फायरफॉक्स ओएस या फोनच्या सिस्टीममध्ये नंबर फिरवायचा डायलरसुद्धा एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेबपानाच्याच भाषांत, लिहिलेला होता. २०१४ मध्ये तसला इंटेक्सचा फोन भारतात १,९९९ रुपयांना आला. तो फारसा कुणाला आठवतही नसेल. मोझिलानं पुढं नाद सोडला, पण त्याच कोडातून कायओएस निघाली आणि २०१७ मध्ये ती जिओफोनमध्ये बसून आली. आमच्या शिवारात रेंज गेल्यावरही त्या फोनचा मेनू उघडायचा, कारण पान फोनमध्येच होतं. माझं म्हणणं एवढंच आहे. पडद्यावर मांडणी करायला ब्राउझरसारखं साधन नाही, ते बिनधास्त वापरा, पण पान समोरच्या मशीनमधून आलं पाहिजे.

ब्राउझरातलं पान स्वतःहून फायलींना किंवा स्कॅनरला हात लावू शकत नाही. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे. म्हणून मागं पायथन भाषेतला एक छोटा प्रोग्राम चालू असतो, पान १२७.०.०.१ या, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच, पत्त्यावर त्याला सांगतं, तो काम करतो. यात नवं काही नाही. लिनक्समधली कप्स ही छपाईची व्यवस्था कितीतरी वर्षं त्याच पत्त्याच्या ६३१ नंबरच्या दारावर (पोर्टवर) स्वतःचं पान दाखवते.

खरा फायदा मराठीचा झाला. जुन्या काही सॉफ्टवेअरमध्ये बटणाची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाची, त्यामुळं 'सर्व' वरचा रफार कापला जायचा आणि 'मू'चं शेपूट बटणाखाली जायचं. इथं ओळीची उंची वाढवली, संपलं. आणि पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये लिहिलं, तर फॉन्टात सोय असल्यास 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. गिऱ्हाइकाला हे कळत नसेल, मला मात्र त्या 'ल'कडं बघून दोन दिवस उगाच बरं वाटत होतं.

एक गाढवपणाही केला. सुरुवातीला तो प्रोग्राम फक्त मशीनपुरता न ठेवता सगळ्या नेटवर्कला खुला ठेवला, मोबाइलवरून तपासायला सोपं पडावं म्हणून. दुकानाच्या वायफायवर बसलेल्या कुणालाही लोकांच्या आधारचे स्कॅन दिसले असते. चार दिवसांनी रात्री अंथरुणात लक्षात आलं, तसाच चप्पल घालून दुकानात गेलो.

आणि ब्राउझर खादाड आहे, ते लपवत नाही. २ जीबी रॅमच्या मशीनवर माझं पान एकटं असेल तर पळतं, शेजारी एखादं जड पोर्टल उघडलं की दोघंही रांगायला लागतात. ब्राउझरातली मागं जायची सवयही इथं नडते. ऑल्ट आणि डावा बाण दाबला गेला की भरत आणलेला अर्ज गेला. आता प्रत्येक रकाना भरला की लगेच साठवतो.

गेल्या आठवड्यात रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली, दुपारभर नेट नाही. शेजारच्या दुकानदारानं शटर अर्धं ओढलं. माझ्याकडे स्कॅन चालू, फोटो चालू, अर्ज छापून हातात. लोहाऱ्याहून आलेल्या आबांचे कागद लावून पिशवीत घातले.

"मग भरला म्हणायचं का फारम?"

"न्हाई आबा, नेट आलं की भरतो. कागद तयार हायत."

"मंग बसतो इथंच," म्हणाले, आणि पंख्याखालची खुर्ची ओढून घेतली.