शाडूचा गणपती झाला, आता मातीला आच दाखवा

श्रावण लागला की आमच्या बेळगावात शाळाशाळांतनं शाडूच्या गणपतीच्या कार्यशाळा सुरू होतात. दोन तास, एक गोळा, एक मूर्ती, एक ग्रुप फोटो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. प्लास्टरपेक्षा शाडू कधीही बरा, त्यात वाद नाही. पण ह्याला शिल्पकला शिकवणं म्हणू नका. मी हायस्कूलचा ड्रॉइंग मास्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं सरळ आहे. आठवी-नववीच्या पोरांना माती द्यायची तर ती भट्टीपर्यंत न्यायची. कच्च्या मातीत सगळं खपून जातं. हात नुसता चिकटवलाय, पोटात अर्धा किलोचा गोळा तसाच आहे, कान कागदासारखे पातळ आणि मान मनगटाएवढी, तरी मूर्ती उभी राहते, रंग दिला की देखणीही दिसते. आणि मग विसर्जन. चूक कुठं होती ते कुणालाच कळत नाही.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीनं म्हैस केली. शिंगं झकास, बसण्यातला आळससुद्धा नेमका पकडलेला. दोन दिवसांनी बघतो तर एक शिंग मुळापासून सुटलेलं. "मी काय केलो नाही ओ सर, आपोआप पडलंय!" खरंच तिनं काही केलं नव्हतं, तीच तर गोम होती. डोकं अर्धवट सुकल्यावर तिनं त्याला ओलं शिंग लावलं होतं. माती सुकताना आक्रसते. डोकं आधीच आक्रसलेलं, शिंग नंतर आक्रसलं, दोघांची फारकत झाली. मग तिला जुना कंगवा दिला. दोन्ही बाजूंना रेघा ओढायच्या, मध्ये दह्याएवढी पातळ माती लावायची, दाबून बसवायचं आणि वर ओला फडका टाकून सावकाश सुकू द्यायचं. पुढं तिनंच ते वर्गातल्या बाकीच्यांना शिकवलं, माझ्यापेक्षा दरडावून.

मग पोकळ करणं. मूर्ती थोडी कडक झाली की तारेनं मधोमध कापायची, चमच्यानं आतली माती कोरून अंगठ्याएवढी जाड भिंत ठेवायची, परत जोडायची आणि खालून एक भोक पाडायचं. पोरं आधी रडकुंडीला येतात, 'एवढं केलेलं कापायचं?' म्हणून. कापायलाच हवं. भट्टीत वस्तू फुटली की सगळे म्हणतात, आत हवा राहिली होती. खरा दोष बहुतेक वेळा ओलीचा असतो. जाड मातीच्या पोटात पाणी राहतं, शंभर अंशांवर त्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून सुरुवातीची आच अगदी मंद ठेवायची. पुढं ५७३ अंशांना मातीतली गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, एकदम फुगते आणि भट्टी निवताना त्याच ठिकाणी परत आक्रसते. घाईनं भट्टी उघडली की 'टण्ण' आवाज येतो तो त्यामुळं. आमच्या सायन्सच्या मॅडम हे ऐकून स्वतः भट्टीपाशी येऊन बसल्या.

भट्टी म्हटलं की हेडमास्तरांना बजेट आठवतं. विजेची भट्टी महाग असते, कबूल. पण लाल मातीच्या वस्तू भाजायला विटांचा गोल आळा, शेण्या, वाळकी लाकडं आणि भाताचं तूस एवढं पुरतं. बेळगावशेजारच्या खानापूर तालुक्यात तुसाला काय तोटा? मातीत जुन्या खापरांची भरड पूड मिसळली की तडेही कमी जातात. आपल्याकडं शाडू बहुतेक गुजरातेतनं येतो आणि आपण ज्या खानापूरच्या मातीवर चालतो तिची मडकी, विटा, कौलं पिढ्यानपिढ्या होत आली आहेत. खादी-ग्रामोद्योग आयोगाची सेंट्रल व्हिलेज पॉटरी इन्स्टिट्यूटही खानापुरातच आहे. किती शाळांच्या सहली तिकडं जातात? सगळ्यांना गोवाच दिसतो.

आणि कुंभारमामांना वर्गात बोलवा. शाल-नारळ देऊन फोटो काढायला नको, मानधन देऊन शिकवायला. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, मडकी कशी रचायची, ज्वाळेचा रंग बघून आच कधी वाढवायची, हे ज्ञान आमच्या आर्ट डिप्लोमात नव्हतं. ते कानडी बोलतील नाहीतर मराठी, पोरांना दोन्ही कळतं. अडचण असलीच तर मोठ्यांची आहे.

पालकांचा प्रश्न ठरलेला, "ह्याला मार्क किती?" एसएसएलसीच्या, म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या दहावीच्या, मार्कांत ह्याला जागा नाही, हे खरं. ड्रॉइंग लोअर-हायरच्या परीक्षांना पोरं बसतात, पण त्या कागदावरच्या. ह्या गावात चित्रकार के. बी. कुलकर्णींनी विद्यार्थी घडवले, चित्रकार रवी परांजपे त्यांतलेच. चित्रांची परंपरा आपण अभिमानानं सांगतो. पण बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर बघून, खानापूर तालुक्यातल्या हलशीची जुनी देवळं बघून एखाद्या पोराला कोरावंसं वाटलं, तर त्याला धरायला छिन्नी कोण देणार?

जाता जाता एक. पुतळ्यांच्या बाबतीत आपण फार हळवे आहोत. बेळगावजवळच्या राजहंसगडावर शिवरायांचा पुतळा बसला तेव्हा सगळे जाऊन फोटो काढून आलो. ब्राँझचा पुतळा आधी सांगाड्यावर मातीत घडतो, मग त्याचा साचा, मग मेण, मग ओतकाम, आणि आतून तो पोकळ असतो, हे दहावीच्या किती पोरांना सांगता येईल? पुतळ्यासाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांनी शाळेत मातीच्या तासासाठीही एखादं निवेदन द्यावं, मी सही करतो.

असो. पाऊस पूर्ण थांबल्यावर, दिवाळीच्या पुढं, आम्ही शाळेमागं भट्टी लावणार आहे. दुसऱ्या शाळांच्या ड्रॉइंग मास्तरांनी पोरांना घेऊन यावं. वस्तू पूर्ण सुकलेल्याच आणा, गालाला लावून बघा, गार लागली तर अजून ओल आहे. कुणाच्या राइस मिलमध्ये तूस पडून असेल तर खाली कमेंट करा, टेम्पोचं भाडं आम्ही बघतो.