२३,३२८ लिंगांची बुरशी: आकडा ठीक, शब्द चुकला

‘एका बुरशीला २३,३२८ लिंगं असतात. त्यातलं कुठलंही कुठल्याही दुसऱ्याशी जुळतं. बाकीच्या बुरश्यांना लिंगबिंग काही नसतं, त्या नुसते बीजाणू उडवतात.’ हा मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतोय. सोबत बहुतेकदा पंख्यासारख्या पांढुरक्या अळंबीचा फोटो असतो. अळंबी खरी आहे. नाव शिझोफिलम कम्यून, मेलेल्या लाकडावर उगवते. तिच्या खालच्या पडद्या उभ्या चिरलेल्या असतात आणि हवा कोरडी झाली की आतल्या बाजूला वळून मिटतात.

‘२३,३२८ लिंगं.’ आकड्याशी माझं भांडण नाही, फक्त तो कुठून आला ते बघा. जोडीदार ठरवणाऱ्या जनुकांच्या या बुरशीत दोन जागा आहेत, ए आणि बी. दोन्हींचे पुन्हा दोन-दोन भाग. एच्या एका भागाचे ९ प्रकार, दुसऱ्याचे ३२. बीच्या दोन्ही भागांचे ९-९. म्हणजे एचे २८८, बीचे ८१, आणि त्यांचा गुणाकार २३,३२८. रानोमाळ हिंडून कुणी तेवीस हजार प्रकार मोजलेले नाहीत.

भांडण आहे ते ‘लिंग’ या शब्दाशी. जीवशास्त्रात नर-मादी ठरतात युग्मकाच्या, म्हणजे प्रजननासाठीच्या पेशीच्या, आकारावरून: मोठं युग्मक बनवते ती मादी, लहान बनवतो तो नर. शिझोफिलम वेगळी युग्मकं बनवतच नाही. दोन कवकजालं, म्हणजे बुरशीच्या तंतूंची जाळी, भेटतात, तंतू जुळतात, आणि दोन्हीकडची केंद्रकं एकमेकांच्या जाळ्यात शिरतात. देणारेही दोघं, घेणारेही दोघं. यात नर कोण म्हणणार? हे आहेत मेटिंग टाइप, म्हणजे कुणाची कुणाशी जोडी जमेल ते ठरवणारे गट. लिंग आणि मेटिंग टाइप या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे न्यूरोस्पोरा या बुरशीत स्वच्छ दिसतं. तिथे एकच बुरशी नराचं आणि मादीचं, दोन्ही कामं करू शकते, पण तिचा मेटिंग टाइप एकच असतो आणि फळायला समोरून दुसऱ्या टाइपची बुरशीच लागते.

‘कुठलंही कुठल्याहीशी जुळतं.’ साफ चूक. ए आणि बी दोन्ही वेगळे असावे लागतात. ए वेगळा पण बी सारखा असेल तर तंतू जुळतात, पण केंद्रकं पुढे सरकत नाहीत. उलट, बी वेगळा आणि ए सारखा असेल तर केंद्रकं सरकतात, पण बुरशीची कापसासारखी फुगीर वाढ होत नाही, ती प्रयोगाच्या बशीला चिकटल्यासारखी चपटी राहते. प्रयोगशाळेत तिला ‘फ्लॅट’च म्हणतात. एकाच अळंबीच्या बीजाणूंत मुख्यतः चार टाइप निघतात, त्यामुळे भावंडाशी जुळण्याची शक्यता साधारण चारात एक. परक्याशी मात्र, सगळे प्रकार सारख्याच प्रमाणात धरले, तर ९८ टक्के. एवढे प्रकार का टिकले त्याचं उत्तर इथेच आहे. नवा, दुर्मीळ टाइप जिथे पडेल तिथे त्याला जोडीदार मिळतो, म्हणून नैसर्गिक निवड त्याच्या बाजूने झुकते.

‘बाकीच्यांना काही नसतं.’ पावावरच्या काळ्या बुरशीचे दोन टाइप अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लेकस्ली यांनी १९०४ मध्येच दाखवले. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून नावं काय द्यायची, तर अधिक आणि उणे! यीस्टचेही दोनच टाइप, शिवाय त्याची काही वाणं स्वतःचा टाइप बदलतात, म्हणजे एकट्या पेशीच्या वंशजांतही जोडी जमते.

आणि ‘अलैंगिक’ हा शिक्का तर पुष्कळदा आपल्याला दिसलं नाही एवढंच सांगत असतो. माणसाच्या फुफ्फुसात रोग करणारी अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी शंभरहून अधिक वर्षं अलैंगिक समजली जात होती. २००९ मध्ये तिचं लैंगिक चक्र सापडलं. त्यासाठी करायचं काय होतं? विरुद्ध टाइपची वाणं ओट घातलेल्या अगारवर (बुरशी वाढवायच्या जेलीवर) शेजारी-शेजारी लावायची, बशी बंद करायची, ३० अंशांवर अंधारात ठेवायची आणि सहा महिने थांबायचं.