टोरंटच्या मेसेजमधलं अर्धं खरं

चवथीच्या तोंडावर गावातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘नवे सिनेमे टोरंटवरून बिनधास्त घ्या. मधे सर्व्हर नसतो, म्हणून आपलं नाव कुठे येत नाही. फाइल तुकड्यांत येते, म्हणून व्हायरस येत नाही. आपण विकत नाही, नुसतं उतरवतो, तो गुन्हा नव्हे.’

सर्व्हरचं अर्धं खरं आहे. गाण्यांच्या फाइली आपापसांत वाटायच्या नॅपस्टर या जुन्या सेवेत कोणाकडे कोणती फाइल आहे याची यादी एका जागी होती. 2001 मध्ये कोर्टाच्या आदेशानंतर ती सेवा बंद पडली. त्याच वर्षी ब्रॅम कोहेनने आणलेल्या बिटटोरंटमध्ये, म्हणजे टोरंटमागच्या पद्धतीत, फाइल ठेवणारं असं मधलं कोठार नाही. मग फाइल देतं कोण? तुमच्या-आमच्यासारखीच माणसं. ती सापडावीत म्हणून तुमच्या अ‍ॅपला त्यांचे आयपी पत्ते (इंटरनेटवरचा जोडणीचा क्रमांक) मिळतात, आणि तुमचा पत्ता त्यांना. या घोळक्यात कोणीही शिरू शकतो. निर्मात्याने नेमलेला माणूससुद्धा. त्याला हॅकिंग करावं लागत नाही, समोर दिसणारे पत्ते वेळेसकट टिपले की झालं. तो पत्ता त्या वेळी कोणत्या जोडणीवर होता, हे इंटरनेट कंपनीच्या नोंदीतून काढता येतं. कळंगुट-हणजूणकडे खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी हे खास ध्यानात घ्यावं. वायफायचा पासवर्ड भिंतीवर, टोरंट पाहुण्याचं, आणि जोडणी घरमालकाच्या नावावर!

व्हायरसचा मुद्दा तर उलटाच आहे. प्रत्येक तुकडा आला की त्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, मूळ टोरंट फाइलमधल्या हॅशशी ताडला जातो. यातून एवढंच कळतं की मूळ माणसाने टाकलं तेच तुमच्यापर्यंत आलं. त्याने विष टाकलं असेल तर विषही जसंच्या तसं येतं. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट (एक्स्टेन्शन) सहसा लपवते, त्यामुळे सिनेमाच्या नावाची ‘.ईएक्सई’ फाइल, म्हणजे खरं तर प्रोग्राम, सहज उघडली जाते. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना सोबत असेल तर ती फाइल सरळ उडवा. टोरंटचं अ‍ॅपही डोळे झाकून घेऊ नये: मार्च 2016 मध्ये ट्रान्समिशन या टोरंट अ‍ॅपच्या अधिकृत साइटवरच मॅकसाठीच्या प्रतीत केरेंजर हे खंडणीखोर सॉफ्टवेअर घुसवलेलं सापडलं होतं.

‘नुसतं उतरवतो’ हे टोरंटला लागूच पडत नाही. पहिले तुकडे हाती आले की तुमचं यंत्र ते पुढे वाटू लागतं. नुसतं पाहणं गुन्हा नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये म्हटलं होतं, त्याचा आधार इथे घेता येणार नाही. इथे वाटप आहे. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63 मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पैसे कमावले नसतील तर कोर्ट कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. म्हणजे ‘विकत नाही’ या सबबीने शिक्षा उतरेल कदाचित, गुन्हा पुसला जात नाही.

याच ग्रुपांवर उलट टोकाचे शहाणेही आहेत, ‘टोरंट वापरणंच बेकायदा’ म्हणणारे. उबुंटू आणि डेबियन या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या प्रती स्वतःच टोरंटने देतात. त्या उतरवा, रात्रभर सीड करत (इतरांना वाटत) ठेवा, कोणी हरकत घेणार नाही.