काय हुडकालायसा?

आज सकाळी विश्रामबागेत, आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर मी दोन्ही काखांत टॉवेल दाबून, पाय जुळवून, हातात गोल्फची काठी घेऊन उभा होतो. अशा अवस्थेतल्या माणसाला हाक मारू नये, हे सांगलीत कुणाला शिकवलेलं नाही.

"काय हुडकालायसा पावणं?"

कुंपणाच्या दगडावर एक आण्णा बसले होते. डोक्याला मफलर, शेजारी दुधाची रिकामी किटली.

"काही नाही आण्णा. गोल्फचा सराव."

"मग टावेल कशाला?"

सांगितलं. धड वळलं की हात त्याच्याबरोबरच वळले पाहिजेत, सुटे पडले की टॉवेल खाली येतो. पाय जुळवून मारलं की तोल कळतो, जोर लावायला गेलात की डुगडुगता.

"म्हंजे जोर लावायचाच न्हाई?"

"नाही."

"मग घाम कशानं येतोय?"

आण्णा तरुणपणी तालमीतले. त्यांच्या हिशोबात अंगाला माती लागत नाही तो खेळ नव्हेच. मी गप्प राहून चिपकडे, म्हणजे जवळून मारायच्या छोट्या फटक्याकडे वळलो. वजन पुढच्या पायावर, चेंडू जरा मागे, मनगटं मोडायची नाहीत. दहाएक पावलांवर दुसरा टॉवेल अंथरला होता. चेंडू त्यावर टाकायचा, पुढे भोकापर्यंत त्याचा तो घरंगळतो.

"भोक कुठाय?"

"इथं नाही. असतं 108 मिलिमीटरचं. पण प्लॉट महापालिकेचा, कसं खणणार?"

"केबलवाली रोज रस्ता उकरत्यात, त्यास्नी कोण इचारतंय? तुमी एवढंसं भोक पाडाया भ्यालायसा!"

हे मात्र खरं आहे. या प्लॉटवर लग्नाचा मांडव चालतो, डेब्रिज चालतं, रात्री बाटल्या चालतात. पोरं क्रिकेट खेळतात, काचा फोडतात, तेही चालतं. 1915 साली विजय हजारे या गावात जन्मले आणि बॅटला कायमचा परवाना मिळाला. 1933 साली बॅडमिंटनवाले नंदू नाटेकर इथंच जन्मले, रॅकेटचीही सोय झाली. गोल्फवाल्यानं जन्म घ्यायला तेवढं सांगली टाळलं. खरं मैदान हवं तर पुणं गाठा, येरवड्याला जा. इथं काळ्या मातीला उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की चेंडू सरळ पाताळात. मग खरोखरच हुडकत बसावं लागतं.

"पिशवीत किती काठ्या हायत?"

"नियमानं 14 पर्यंत चालतात."

आण्णांनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चौदा काठ्या! आन् म्हस एकबी न्हाई?"

फिरायला निघालेल्या दोन वहिनी थांबल्या. त्यांतली एक आमच्याच इमारतीतली, त्यामुळे दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांना कळणार. किंमत विचारली तेव्हा मी घरी सांगतो तीच सांगितली, म्हणजे निम्मी. तरी आण्णा म्हणाले, "एवढ्यात शेरडी आली असती."

मग ते उठले. "बघू की द्या इकडं." सँड वेज उचलली. वाळूच्या खड्ड्यातून चेंडू अलगद वर काढायला तिचं तोंड साधारण 56 अंशांनी मागं कललेलं असतं. आण्णांनी ती उलटी धरली, कोपऱ्यातल्या शेवग्याच्या फांदीत अडकवली आणि झटका दिला. शेंगा खाली. आणखी एक झटका, आणखी शेंगा. त्यांचे पाय जुळलेले नव्हते, काखेत काही नव्हतं, आणि जोर तर पुरेपूर होता.

"ही मातूर बेस काठी केलीया," वहिनींकडे बघत आण्णा म्हणाले. वहिनी हसल्या. एकीनं तर ओटीत दोन शेंगा घेतल्यासुद्धा.

काठीच्या तोंडाला हिरवा चीक लागला. खोबणीत साल अडकली, ती अजून टूथब्रशनं काढतोय. बाकी शेंगा आण्णांनी किटलीत उभ्या खोचल्या, "उद्या जरा लांब दांड्याची आणा, शेंडा भरलाय," म्हणाले आणि गेले.

काठी माझी, टॉवेल माझे, भर चौकात अब्रू माझी. आमटीपुरत्या चार शेंगा तरी ठेवायच्या!