आपली भुते आपल्या भाषेत कधी बोलणार?

जून २०२४ मध्ये आलेल्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने एकही मोठा तारा नसताना शंभर कोटींचा टप्पा ओलांडला, तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि घरच्यांशी होणाऱ्या फोनवरच्या गप्पांत एक वाद सतत कानावर येतो. एका पक्षाचे म्हणणे असे की, मुंजा कोकणातला, दिग्दर्शक मराठी, आजीच्या भूमिकेत सुहास जोशी आणि चित्रपट मात्र हिंदी, ही आपल्या कथांची सरळसरळ लूट आहे. दुसऱ्या पक्षाला वाटते की, हाच चित्रपट मराठीत निघाला असता तर त्याला ना पैसा मिळाला असता ना पडदे, तेव्हा हिंदीमुळे आपला मुंजा देशभर पोचला यात समाधान मानावे. मी समीक्षक नाही. सवड मिळेल तेव्हा थिएटरात जाणारी, भयपट आणि अद्भुतपट आवडीने पाहणारी साधी प्रेक्षक आहे आणि बरीच वर्षे उत्तर जर्मनीत राहते. इथून पाहताना दोन्ही पक्षांचे म्हणणे मला अपुरे वाटते, कारण एखाद्या भाषेने स्वतःचे भयपट काढणे सोडले की पुढे काय होते, हे या देशात रोज दिसते.

ल्युबेक शहरात ट्राव्हे नदीच्या काठाला लागून लाल विटांची, निमुळत्या छपरांची मिठाची जुनी कोठारे उभी आहेत. १९२२ साली एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांनी ‘नोस्फेराटू’ काढला, तेव्हा काउंट ऑरलॉक हा पिशाच जे घर विकत घेतो, ते म्हणून हीच कोठारे दाखवली होती. ढगाळ दुपारी त्या काळवंडलेल्या खिडक्यांकडे पाहिले की, मूकपटातली ती काटकुळी आकृती तिथे का उभी केली असेल, हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. हा चित्रपट ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीवरून परवानगी न घेता बेतला होता आणि लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नीने दाद मागितल्यावर न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला, तरी काही प्रती वाचल्या आणि जगभरच्या भयपटांनी सावलीचा वापर त्यांतून उचलला. पुढे मुर्नाऊ अमेरिकेला गेले. कार्ल फ्रॉइंड हे कॅमेरामनही गेले आणि हॉलीवूडचा १९३१ चा ‘ड्रॅक्युला’ त्यांनीच चित्रित केला. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर उरलेसुरले अनेक कलावंत देश सोडून गेले. १९७९ मध्ये वेर्नर हेर्झोग यांनी तीच कथा पुन्हा केली, हा सन्मान्य अपवाद; पण लोकांनी रांगा लावून पाहावा असा जर्मन भयपट ही परंपरा पुन्हा काही उभी राहिली नाही.

जानेवारी २०२५ मध्ये रॉबर्ट एगर्स यांचा नवा ‘नोस्फेराटू’ इथे लागला. कथा १८३८ सालच्या एका जर्मन बंदराच्या गावात घडते, पात्रांची नावे जर्मन, रस्ते जर्मन, पण चित्रपट अमेरिकी आणि संवाद इंग्रजी. जर्मनीत परदेशी चित्रपट बहुधा डब करूनच दाखवतात, त्यामुळे जर्मन पात्रांच्या इंग्रजी हलणाऱ्या ओठांवर जर्मन आवाज चढवून ते प्रेक्षकांपुढे आले आणि सभागृहात कुणालाही त्यात काही वावगे वाटल्याचे मला जाणवले नाही. चित्रपट मला फार आवडला. मेणबत्तीच्या उजेडातले चेहरे, ऑरलॉकचा घरघरणारा श्वास, कुठेही विनोदाने सैल न होणारा ताण, हे सगळे अव्वल दर्जाचे आहे. माझी तक्रार चित्रपटाविषयी नाहीच. स्वतःच्या भुताला परक्याच्या हातून, डब होऊन परत घेण्याची एका संपूर्ण समाजाला सवय होऊ शकते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

आपल्याकडे ती सवय लागते आहे असे मला वाटते. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. गेल्या कित्येक वर्षांत भारतात झालेला तो सर्वोत्तम भयपट आहे, असे माझे ठाम मत आहे: संततधार पाऊस, कुबट वाडा, सोन्याच्या मोहरेसाठी माणसाने स्वतःचे काय करून घ्यावे याचे ते निर्दय चित्रण. परंतु त्या वाड्यातला पोरगा हस्तर या कथेतल्या शापित देवाचे नाव घेऊन म्हातारीला झोपवतो, तेव्हा तो हिंदीत बोलतो आणि आपण ते सहज मान्य करतो. विशाल फुरिया यांनी उसाच्या फडात ‘लपाछपी’ हा खरोखर अंगावर काटा आणणारा मराठी भयपट केला होता; देशाला त्याची ओळख झाली ती त्यांनीच २०२१ मध्ये हिंदीत काढलेल्या ‘छोरी’मुळे. आदित्य सरपोतदार यांनी २०२२ मध्ये मराठीत ‘झोंबिवली’ केला आणि मग ते ‘मुंज्या’कडे व ‘थामा’कडे, म्हणजे हिंदीकडे वळले. या दिग्दर्शकांना मी दोष देत नाही. जिथे काम आणि पैसा मिळतो तिथे कारागीर जाणारच. जर्मनीतून कलावंत गेले त्यामागे राजकारण होते, आपल्याकडे बाजार आहे, परंतु मागे उरणारी पोकळी सारखीच.

ही पोकळी केवळ भाषेची नसते, हे ‘थामा’ पाहताना मला प्रकर्षाने जाणवले. २०२५ च्या दिवाळीत आलेल्या या चित्रपटातले वेताळ हे जंगलात दडून राहणारे, रक्ताच्या तहानेशी झगडणारे जीव आहेत, म्हणजे थोडक्यात युरोपचा व्हॅम्पायर भारतीय नावाने आलेला. आता वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा, म्हणजे वेताळच, आठवावा. तो गावाचा राखणदार आहे. रात्री तो गावाच्या वेशीवरून फिरतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून भक्त त्याला हातभर लांबीच्या चामड्याच्या चपला वाहतात आणि जुन्या चपलांचे झिजलेले तळवे हा त्याच्या फेऱ्यांचा पुरावा मानला जातो. ज्याची भीती वाटते तोच आपले रक्षण करतो, त्याच्याशी गावाचा जणू करार आहे आणि तो मोडला तर काय होईल, या प्रश्नात एका मोठ्या भयपटाचे सगळे सामान आहे. इथल्या एका जर्मन सहकारिणीला मी हे सांगितले, तेव्हा त्या चपला कोण शिवते, असे तिने विचारले. मला वाटते, पटकथेची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. ‘मुंज्या’ आणि ‘थामा’ ज्या हिंदी भयविनोदी चित्रपटमालिकेत येतात, तिला मात्र प्रत्येक भूत पुढच्या चित्रपटाशी जोडायचे असते आणि दर दोन मिनिटांनी हशा हवा असतो, त्यामुळे गावागावांचे वेगळे नियम त्यात टिकत नाहीत. हशा आला की भीती ओसरते, आणि एकदा ओसरलेली भीती संगीताचा कितीही कल्लोळ केला तरी परत येत नाही.

पैशाचा आक्षेप खरा आहे, पण तो वाटतो तितका अंतिम नाही. गॉडझिला या मूळच्या जपानी महाकाय प्राण्यावर हॉलीवूड गेली कित्येक वर्षे प्रचंड खर्चाचे चित्रपट काढत आहे, तरीही जपानने तो आपल्या भाषेत करणे थांबवले नाही. २०२३ च्या ‘गॉडझिला मायनस वन’चे दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी यांनी अवघ्या ३५ कलावंतांच्या चमूकडून ६१० दृश्यांचे व्हीएफएक्स (संगणकीय दृश्यपरिणाम) करून घेतले, आणि मार्च २०२४ मध्ये त्याच कामाला ऑस्कर मिळाले. त्या चित्रपटात मला लक्षात राहिले ते युद्ध हरलेल्या माणसांचे अपराधी चेहरे, आणि ते फक्त जपानीतच तसे लिहिले जाऊ शकले असते.

जपान फार लांबचे उदाहरण वाटत असेल, तर कर्नाटक शेजारीच आहे. तिथल्या किनारपट्टीवरच्या तुळुनाडूच्या भूतकोला या दैवतपूजेच्या विधीवरचा ‘कांतारा’ ३० सप्टेंबर २०२२ रोजी फक्त कन्नडमध्ये प्रदर्शित झाला. लोकांनी तो उचलून धरल्यावर दोन आठवड्यांनी हिंदीत डब होऊन आला. पंजुर्ली आणि गुळिग ही दैवते प्रथम आपल्या माणसांत उभी राहिली आणि मग जगात गेली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मराठीत हे कठीण का, याचे खरे कारण पडद्यांच्या वादात क्वचितच बोलले जाते: मराठी माणसाला हिंदी डब न करताही समजते, त्यामुळे निर्मात्याला मूळ मराठीत काढण्याची व्यावहारिक गरजच भासत नाही. म्हणूनच मराठी चित्रपटांना प्राइम टाइमचे खेळ मिळवून देणारे सरकारी आदेश मला आवश्यक वाटतात, पण पुरेसे वाटत नाहीत. २०१६ मध्ये ‘सैराट’ मराठीतच आला, मराठी न कळणाऱ्यांनीही तो पाहिला, आणि दोन वर्षांनी निघालेल्या हिंदी ‘धडक’ला त्याची सर आली नाही. मूळ भाषेत बळ असते, हे आपल्याच प्रेक्षकांनी एकदा सिद्ध करून दाखवलेले आहे.

परदेशातल्या मराठी मंडळांचीही यात जबाबदारी आहे, असे मी मानते. इथे वर्षातून काही रविवारी एखादे सभागृह घेऊन मराठी चित्रपट दाखवले जातात, आणि ते बहुतेक कौटुंबिक किंवा ऐतिहासिक असतात. मोठ्या माणसांना ते आवडतात, पण पंधरा-सोळा वर्षांची मुले मोबाइलमध्ये डोके घालून बसतात. हीच मुले कोरियन भयपट सबटायटल्स वाचत स्वतःहून पाहतात. भाषा कळत नाही ही त्यांची अडचण कधीच नव्हती. म्हणून आमच्या मंडळाला मी लेखी सुचवले आहे की, दरवर्षी एक खेळ मराठी भयपटासाठी राखून ठेवावा, जर्मन सबटायटल्सचा खर्च वर्गणीतून करावा, वयाची अट पाळून मुलांच्या जर्मन मित्रांनाही बोलवावे, आणि सुरुवात ‘लपाछपी’ने करावी.