काय भाव गेला?

आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार दिवसांपासून भांडण पेटलंय. एका बाजूला नाशिकला एमआयडीसीत स्वतःचं वर्कशॉप असलेला वर्गमित्र. तो म्हणतो, समाजवादाने देशाची चाळीस वर्षं खाल्ली, संविधानातला तो शब्दच काढून टाका. दुसऱ्या बाजूला आयुष्यभर युनियनचं काम केलेली मैत्रीण. ती म्हणते, १९९१ पासून भांडवलशाहीने गरिबाच्या तोंडचा घास काढला. दोघंही माझी जिवाभावाची माणसं, आणि दोघंही पोटतिडकीने बोलतात. काल दोघांनीही मला विचारलं, "तू काहीच का बोलत नाहीस?" ग्रुपवर दोन ओळींत बोलण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते. लांबलंय, पण वाचा.

आमचं गाव नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात मी चार वर्षांची होते. विहिरी आटल्या, जनावरं विकली, घरात दाणा नव्हता. गावाच्या वरच्या अंगाला सरकारने पाझर तलावाचं काम काढलं. आई तिथे खडी फोडायला जायची. फुटलेला दगड बोटांत घुसायचा, म्हणून बायका सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या बोटांना गुंडाळायच्या. खडी ब्रासवर मोजली जायची. मुकादम मस्टरवर हजेरी लावायचा. दुपारी सुकडी मिळायची, दुष्काळी कामावर वाटायचं ते पीठाळ खाणं. आई तिच्यातली निम्मी पदराला बांधून आमच्यासाठी आणायची. तिची ती किंचित गोड, पिठूळ चव अजून माझ्या जिभेवर आहे. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी धड थापता यायची नाही, पण पोट भरायचं.

१९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. एवढा भयंकर दुष्काळ पडूनही राज्यात भूकबळींची रांग लागली नाही, कारण कामाला आणि मजुरीला सरकार उभं राहिलं. त्याच्याही आधी, १९६५ मध्ये, तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात ही कल्पना करून पाहिली होती. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम. पुढे २००५ मध्ये दिल्लीने हीच गोष्ट देशभर नेली. या रोजगार हमी योजनेला, म्हणजे रोहयोला, पैसा कुठून आला, हेही माहीत असू द्या. १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, तो त्यासाठीच. आजही पगारपत्रकात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा आमच्या माळावरच्या बाईच्या हातात यायचा. मी पुढे मास्तरीण झाले, माझ्याही पगारातून तो कापला गेला. दर महिन्याला तो आकडा बघताना मला आईची बोटं आठवायची आणि बरं वाटायचं.

पण माझ्या मैत्रिणीला हेही सांगते, की याच काळात वडिलांना, आमच्या आण्णांना, घराच्या एका भिंतीसाठी आणि विहिरीच्या कठड्यासाठी सिमेंटच्या परमिटला किती हेलपाटे घालावे लागले ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सिमेंट सरकारी वाटपाचं होतं. ज्याची ओळख त्याला मिळायचं. आण्णांची ओळख नव्हती. विहिरीचा कठडा चार वर्षं तसाच राहिला आणि एका पावसाळ्यात आमची गाय आत पडली. पुढे याच सिमेंटच्या वाटपातल्या आरोपांवरून राज्याच्या मुख्यमंत्र्यांना जानेवारी १९८२ मध्ये पायउतार व्हावं लागलं. स्कूटरला वर्षानुवर्षांचा नंबर, टेलिफोनला नंबर, सगळ्याला नंबर. कारखान्याने किती माल काढायचा हेसुद्धा लायसनवर ठरायचं. याला समाजवाद म्हणायचं असेल तर तो गरिबाचा नव्हता. ज्याच्या हातात शिक्का, त्याचा होता. आणि एवढी सगळी नियंत्रणं करणाऱ्या देशात १९९१ च्या जनगणनेत साक्षर किती, तर १०० पैकी ५२. ज्या कामाला सरकारच हवं, ते काम अर्धवट सोडलं आणि सिमेंटची पोती मोजत बसलं.

समाजवाद हा एकच शब्द, पण त्याच्या नावाने काय काय झालं बघा. चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात शेती कम्यूनच्या, म्हणजे सरकारी सामुदायिक शेतीच्या, ताब्यात होती. वर खोटे आकडे कळवले जात होते आणि त्या आकड्यांवर गावातलं धान्य उचललं जात होतं. कमीत कमी दीड कोटी माणसं उपासमारीने मेली; काही अंदाज याच्या दुपटीहून जास्त आहेत. इथे आमच्या माळावर सरकारने गावात धान्य आणलं, तिथे सरकारने गावातून नेलं. पुढे १९७८ च्या थंडीत आनहुई प्रांतातल्या श्याओगांग नावाच्या खेड्यात १८ शेतकऱ्यांनी रात्री गुपचूप एका कागदावर अंगठे उठवले. जमीन आपापसांत वाटून कसायची, सरकारचा कोटा भरायचा, उरलेलं ज्याचं त्याचं. कुणाला तुरुंगात टाकलं तर त्याची पोरं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची, असंही त्यात लिहिलं होतं. पुढच्याच हंगामात त्या गावाचं पीक कित्येक पटींनी वाढलं आणि नंतर अख्खा देश त्या वाटेने गेला. उरलेलं ज्याचं त्याचं, एवढ्या तीन शब्दांची ती ताकद होती. शेतकऱ्याच्या लेकीला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आमच्याकडे तेच सांगणारा माणूस होता शेतकरी संघटनेचा नेता शरद जोशी. १९८० मध्ये कांद्या-उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यातले रस्ते शेतकऱ्यांनी अडवले तेव्हा आण्णा गेले होते. शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला त्यांनी मरेपर्यंत जपला. "भीक नको, हवे घामाचे दाम." नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, त्याला आईसोबत मीही गेले. मी अठरा वर्षांची होते. एवढ्या बायका एका जागी मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम आली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. आण्णांनी सव्वा एकर आईच्या नावावर केली. सातबारावर स्वतःचं नाव बघायला आईने मला तीन वेळा वाचायला लावलं. बाजार खुला करा म्हणणारी ही चळवळ होती, आणि बाईच्या हातात जमीन देणारीही हीच. आमच्या मैत्रिणीच्या साच्यात हे बसत नाही, मला माहीत आहे.

आता १९९१. तेव्हा देशाकडे काही आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं आणि ४७ टनांच्या आसपास सोनं परदेशात गहाण टाकावं लागलं होतं. बाजाराचं दार उघडलं ते गरज म्हणून. त्याने आमचं घर बदललं, हे मी नाकारणार नाही. मोटारसायकल, फोन, ठिबक, चांगलं बियाणं, भाच्याची पुण्यातली नोकरी. हे सगळं त्या दारातून आलं.

पण मित्रा, एक दार कधी उघडलंच नाही. शेतकरी विकतो ते.

२०२३ हे एकच साल घ्या. फेब्रुवारीत कांदा इतका पडला की सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला पाच क्विंटलच्या वर कांदा विकून, गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता २ रुपयांचा चेक हातात पडला. तेव्हा सगळे म्हणाले, बाजार आहे, मागणी-पुरवठ्याचा खेळ आहे. बरं. मग दादाने उन्हाळी कांदा विकला नाही, कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, भरला. चाळीतला कांदा म्हणजे तान्हं पोर. दर पंधरवड्याला हात घालून बघायचं, सडका वेचून काढायचा, वास यायला लागला की काळजात धस्स होतं. ऑगस्टमध्ये भाव जरा वर सरकला, आणि १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क आलं. कांदा तोवर निम्मा वजनाने घटलेला. दादाने मिळेल त्या भावाला काढला.

नंतर लाल कांदा आला. लाल कांदा चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. ८ डिसेंबर, शुक्रवार. निर्यातबंदी. आमच्या खळ्यात कांद्याचा ढीग पडला होता, बायका गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी करत होत्या. दादाच्या मोबाइलवर मेसेज आला. तो काही बोलला नाही. ट्रॅक्टरची चावी खिशातून काढून त्याने भिंतीच्या खुंटीला अडकवली आणि ओट्यावर बसला. मी त्या दिवशी तिथेच होते. पुढच्या दोन आठवड्यांत भाव निम्म्याच्या आसपास आला. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही शुल्क ठेवून. शेवटचं शुल्क गेलं १ एप्रिल २०२५ ला.

भाव पडला की बाजार, भाव चढला की सरकार. याला ना समाजवाद म्हणता येतं ना भांडवलशाही. शहरातल्या ताटात कांदा स्वस्त पडावा म्हणून आमच्या दादाच्या खळ्यातून पैसा काढून घेतला गेला. गरिबाला स्वस्त कांदा द्यायचाच असेल तर सरकारने बाजारभावाने विकत घ्यावा आणि तिजोरीतून सूट द्यावी. रोहयोला व्यवसाय कराचा पैसा वापरला, तसा. तो भार दोन एकरवाल्याच्या डोक्यावर का?

आणि जिथे सरकार हवं होतं तिथे काय झालं? आण्णांना रात्री पक्षाघाताचा झटका आला. जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर नव्हते. शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं. आत घेण्याआधी अनामत मागितली. अकरा दिवसांत जे बिल झालं ते भागवायला एकरभर जमीन गेली, आणि आण्णाही गेले. कांद्याचा भाव पटला नाही तर माणूस ट्रॅक्टर वळवतो. आयसीयूच्या दारातून कोण वळवणार? तिथे घेणाऱ्याला सौदा करताच येत नाही, म्हणून तिथे नुसत्या बाजारावर सोडून चालत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करू असं लिहिलं होतं. आपण तिथवर पोचलो नाही.

शाळेचं तर मी स्वतः बघितलंय. ३५ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. माझं स्वतःचं शिक्षणही तिथलंच. आईच्या खडीच्या मजुरीत माझी फी बसलीच नसती. माझ्या वर्गातल्या वस्तीवरच्या मुली एसटीच्या मोफत पासवर हायस्कूलला गेल्या, त्यातल्या दोघी आज नर्स आहेत. आता पदं रिकामी, एका मास्तराकडे तीन-तीन वर्ग, आणि शेतमजूरसुद्धा पोटाला चिमटा घेऊन पोराला इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवतो. त्याला दोष कसा देऊ?

केरळचं नाव आमची मैत्रीण घेते, आणि बरोबरच घेते. तिथे हजारात जेमतेम पाच-सहा अर्भकं दगावतात, देशात २५ च्या आसपास. हे सरकारी शाळा आणि सरकारी दवाखान्यांनी केलं. पण तिथल्या घरांवर स्लॅब पडला तो आखातातून आलेल्या पैशाने. शिकवलं सरकारने, कमाई मिळाली बाजारात. हे दोन्ही न बघता केरळचं नाव घेऊ नये. आणि आमच्या वर्कशॉपवाल्या मित्राने आठवावं, की त्याचा प्लॉट, रस्ता, पाणी एमआयडीसीचं आहे. १९६२ मध्ये सरकारने उभी केलेली संस्था ती. त्याने मेहनत केलीच, रात्र रात्र मशीनवर उभा राहिलाय तो. पण उभं राहायला जमीन कुणीतरी दिली होती.

राहिला संविधानातला शब्द. आमच्या जवळच येवला आहे, बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला जिथे धर्मांतराची घोषणा केली ती मुक्तिभूमी. मी दरवर्षी मुलांना तिथे न्यायचे. याच बाबासाहेबांनी १९४७ मध्ये मोठे उद्योग आणि शेती सरकारी मालकीची असावी असं लिहिलं होतं. पण १५ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत के. टी. शहांनी 'समाजवादी' शब्द संविधानात घाला म्हटलं, तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला. समाजाची घडी कशी असावी हे लोकांनी काळाप्रमाणे ठरवावं, आपण आज त्यांचे हात बांधू नयेत, असं त्यांचं म्हणणं. शब्द आला तो १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीत. ज्या ग्रुपवर त्या एका शब्दासाठी चार दिवस भांडण झालं, तिथे दवाखान्यातल्या डॉक्टरसाठी किंवा निर्यातबंदीसाठी कुणी एक मेसेज टाकला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

परवा माहेरी गेले होते. बहात्तरमध्ये आईने ज्याची खडी फोडली तो पाझर तलाव अजून आहे. गाळ भरलाय, तरी त्याच्या खालच्या विहिरींना फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकतं. दादाचा कांदा त्याच पाण्यावर येतो, त्यातला सव्वा एकर आईच्या नावावरच्या जमिनीत. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, डोळ्यांनी कमी दिसतं. संध्याकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला की ती ओट्याच्या कडेला येऊन बसते. दादा उतरायच्या आत विचारते, "काय भाव गेला रे?"